बॅरलमधलं पाणी : प्रकल्प नोंदी, सोलापूर, २०२४

१२ फेब्रुवारी २०२४

पीएच.डी.च्या पहिल्या हंगामाचा विषय आज पक्का झाला. नळाचं पाणी घरात शिरल्यावर पुढे त्याचं काय होतं, हे बघायचं.

सोलापुरात पाण्याचा विषय निघाला की बोलणं थेट उजनीच्या टक्क्यांवर जातं. धरणात किती उरलंय, नवी जलवाहिनी कधी, रोटेशन किती दिवसांचं. हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण पाणी चार-पाच दिवसांआड येतं त्या गावात बहुतेक माणसं नळाचं पाणी पीतच नाहीत. ती बॅरलमधलं, हौदातलं, घागरीतलं पाणी पितात. शुद्धीकरण केंद्रापासून तोटीपर्यंत पाण्याची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं आहे. तोटीपासून ओठांपर्यंत ती घरातल्या बाईवर येऊन पडते. चाचणीचे नमुने मात्र तोटीशी घेतले जातात. मला बॅरलपाशी जायचंय.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. दिवसभर वाचन आणि नकाशा.

शहराला पाणी तीन वाटांनी येतं. उजनी धरणातून थेट जलवाहिनी येते, तिचं पाणी पाकणीच्या केंद्रात शुद्ध होतं. दुसरी वाट भीमेची. धरणातून नदीत पाणी सोडायचं, ते पंढरपूरवरून वळणं घेत टाकळीपर्यंत आलं की उचलायचं आणि सोरेगावला शुद्ध करायचं. तिसरी वाट हिप्परग्याची, म्हणजे एकरुख तलावाची. आदिला नदीवरचा हा तलाव इंग्रजांनी बांधला, काम १८७१ मध्ये पुरं झालं. त्याचं पाणी भवानी पेठेतल्या केंद्रात येतं. चौथी वाट कागदावर ठळक नसते, पण घराघरात असते: बोअर.

दुसऱ्या वाटेचा हिशेब मी वहीत मांडला, कारण तो पाहिल्याशिवाय समांतर जलवाहिनीची, म्हणजे उजनीपासूनच्या नव्या दुसऱ्या पाइपाची, निकड कळत नाही. समजा शहराला १७० एमएलडी, म्हणजे रोज १७ कोटी लिटर, पाणी लागतं. (नव्या जलवाहिनीची क्षमता तेवढी आहे, म्हणून हा आकडा.) वर्षाला ते झालं ६,२०५ कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे अख्ख्या शहराला वर्षभर पुरायला सव्वादोन टीएमसीच्या आतबाहेर पाणी पुरे. आणि नदीतून पाणी द्यायचं तर एकेका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी सोडावं लागतं. त्यात वाटेवरच्या गावांच्या योजनांचा वाटा आहे, तो त्यांचा हक्कच आहे. पण बाकीचं बरंच वाळूत मुरतं, उन्हाने उडतं आणि काठाच्या मोटारींनी उपसलं जातं. सुमारे ११० किलोमीटरच्या त्या पाइपासाठी शहर इतकं का अडून बसलंय, ते या एका गुणाकारात आहे.

२७ फेब्रुवारी

कामाचे तीन भाग ठरवले. पूर्व भागात अशोक चौकाच्या मागची यंत्रमाग कामगारांची वस्ती, हैदराबाद रोडला विडी घरकुल ही विडी कामगारांची वसाहत, आणि तुलनेसाठी जुळे सोलापूर हा नव्या वस्तीचा भाग. तिसऱ्या भागात बहुतेकांकडे जमिनीत हौद आणि गच्चीवर टाकी आहे. पहिल्या दोन्हींत बॅरल.

पिशवीतलं सामान: ओटी टेस्टचा संच (ओटी हे रसायन क्लोरीन असलेल्या पाण्यात घातलं की पिवळा रंग येतो), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं मीटर, थर्मामीटर, निर्जंतुक बाटल्या, बर्फाचा डबा. जिवाणूंसाठीच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते नसलं तर पाण्यातला उरलासुरला क्लोरीन प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू मारत राहतो आणि खराब पाणीही चांगलं ठरतं. ओटीचा रंग पहिल्या काही सेकंदांत वाचायचा. तो मुक्त क्लोरीनचा. थांबून पाहिलं की पिवळा गडद होत जातो, त्यात संयुक्त क्लोरीनही मिसळलेला असतो. ओटी अंगाला लागू द्यायचा नाही, हातमोजे हवेतच. जिथे क्लोरीनचा नेमका आकडा पाहिजे तिथे डीपीडी हे दुसरं रसायन वापरायचं.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

४ मार्च

विडी घरकुल. आज पाण्याचा दिवस.

चावीवाल्याने व्हॉल्व्ह फिरवला की गल्लीत आधी हवेचा फुसफुसाट येतो. मग कोपऱ्यावरून तेलुगूत हाक येते, "नीळ्ळु!", म्हणजे पाणी, आणि एकेक दार उघडतं. मी ज्यांच्या ओट्यावर बसले होते त्या अक्का विडीचं सूप बाजूला सारून उठल्या. पहिलं पाणी त्यांनी बादलीत धरलं, उन्हात नेऊन बघितलं आणि मोरीत ओतलं. दुसरी बादली बघितली, तीही ओतली. तिसरीला बोट बुडवून वास घेतला आणि मगच पाइप बॅरलमध्ये सोडला. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही. "पहिलं पाणी गटारीचं वास मारतंय कधी कधी," म्हणाल्या. "दुसरं-तिसरं चांगलं."

शास्त्राच्या भाषेत त्या बरोबरच करत होत्या. चार दिवस पाइप रिकामा असतो. आत दाब नसतो, बाहेर ओल असते, आणि गटाराच्या शेजारून गेलेल्या नळजोडणीला बारीक चीर असली तर गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाइपाच्या आतला गाळ आणि जिवाणूंचा थर सुकतो, सुटतो आणि पुढच्या पुरवठ्याच्या पहिल्या धारेबरोबर घरात येतो. कुणी नळाला मोटर जोडली की हे ओढणं आणखी वाढतं. मोटर मात्र हौसेने लावत नाहीत. गल्लीच्या टोकाला धार करंगळीएवढी येते, आणि शेजाऱ्याने लावली की आपल्याला लावावीच लागते.

पहिल्या बादलीच्या पाण्यात ओटीचा रंग जवळजवळ आलाच नाही. तिसऱ्या बादलीत ठळक पिवळा. दोन्ही परीक्षानळ्या शेजारी धरून अक्कांना दाखवल्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग सुनेला हाक मारून तिलाही दाखवल्या.

घरातली भांडी मोजली: दोन निळी बॅरलं, एक स्टीलचं टिपाड, घागरी, कळशा, मोरीजवळ सिमेंटची छोटी टाकी, एक माठ. शहरांसाठी माणशी रोजचा निकष १३५ लिटरचा आहे. पाच माणसं आणि पाच दिवस म्हटले तर ३,३७५ लिटर. दोनशे लिटरची सतरा बॅरलं. त्या घरात सतरा बॅरलं ठेवली तर माणसांना उभं राहायलाही जागा उरणार नाही. म्हणजे घरात किती बॅरलं मावतात त्यावर माणशी किती लिटर ते ठरतं. धरणात पाणी किती आहे ही गोष्ट त्या दारापर्यंत पोचतच नाही.

८ मार्च

महाशिवरात्र. सकाळी सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी आणि त्यांच्या शिष्यगणांनी हा तलाव खणला, असं परंपरा सांगते. पाऊस कमी आणि खडक काळा अशा या गावात देऊळ आणि तळं एकत्र बांधावंसं वाटलं, याबद्दल मला फार आदर वाटतो. पण हात जोडून झाले की माझी नजर काठाच्या हिरव्या सायीकडे जाते आणि वाईट वाटतं. कधीतरी यावरही काम करायचंय. या प्रकल्पात नाही.

१३ मार्च

आता खरं काम. पाणी आलं त्या दिवशी, मग रोज, त्याच बॅरलमधून नमुने.

चित्र एकसारखं येतंय. भरल्या दिवशी पिवळा, दुसऱ्या दिवशी फिकट, तिसऱ्या दिवसापासून रंगच नाही. पत्र्याखालच्या घरांत रंग आणखी लवकर जातो. क्लोरीन पाण्यात टिकून राहत नाही. सेंद्रिय मळ, बॅरलच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर आणि उष्णता, हे तिन्ही त्याला खातात. भांडं उघडं असलं तर काही हवेतही जातो. जुळ्या सोलापुरात जमिनीखालच्या हौदात तो जरा जास्त टिकतो, कारण पाणी गार आणि अंधारात असतं. पण तेच पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढलं की तिथेही तीच गत.

या हंगामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट बहुतेक हीच ठरेल. पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर चार-पाच दिवस आणि क्लोरीनचं आयुष्य दोन दिवस. मधले दिवस घरातल्या पाण्याला काहीच राखण नसते. त्या दिवसांत एक मळका हात, एक बुडवलेला तांब्या पुरतो.

तांब्याची वेगळी नोंद ठेवतेय. तोटीचं भांडं किंवा लांब दांड्याचं ओगराळं असलेल्या घरांत जिवाणू चाचणी बरी येते. नमुना लहान आहे, म्हणून अजून ठाम लिहीत नाही. पण मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, दाखवण्याइतका फरक आहे.

२ एप्रिल

बोअरचे आणि जुन्या आडांचे नमुने.

सोलापूर दख्खनच्या बेसॉल्टवर बसलंय. वर काळी माती किंवा मुरूम, खाली कुजका खडक, त्याखाली भेगा. पाणी असतं ते या कुजक्या थरात आणि भेगांत. एका घरी दीडशे फुटांवर भरपूर लागतं आणि शेजारी तीनशे फूट जाऊनही धूळ निघते. खडकातून येणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम पाणी जड करतं. साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही, बादलीला पांढरा थर. ही जडता त्रासाची आहे, पण माझी मोठी काळजी नायट्रेटची आहे.

दाट वस्तीतल्या बोअरमध्ये नायट्रेट येतं ते बहुतेक शौचालयाच्या टाक्यांतून आणि फुटक्या गटारांतून. मानकात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. आणि इथे आपली नेहमीची सवय उलटते. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. वाफ उडाल्याने ते उलट थोडं दाट होतं. एका घरात बाळंतीण होती. तिच्या आईने मोठ्या काळजीने बोअरचं पाणी उकळून ठेवलं होतं, नळाचं संपलं म्हणून. मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, की मावशी, हे तुमच्या आंघोळीला वापरा, बाळासाठी नळाचं पाणी उकळून वेगळ्या कळशीत राखून ठेवा. त्यांनी लगेच एका कळशीला लाल दोरा बांधला.

या भागात आता बऱ्याच घरी जारचं पाणी येतं. आरओने नायट्रेट आणि जडपणा दोन्ही कमी होतात, हे खरं. पण त्या पाण्यात क्लोरीन नसतो. जार आतून घासला गेला नाही किंवा त्यातून ओतताना हात लागला, तर राखणीला काहीच नाही. शिवाय विडी वळणाऱ्या बाईने रोज पाण्यासाठी पैसे मोजावेत, हे मला उत्तर वाटत नाही.

९ एप्रिल

पाडवा. अशोक चौकाच्या मागे आजच पाणी आलं. गुढी उभी आणि दारात पाइप पसरलेले. नमुने घेतले, पुरणपोळी खाल्ली, परत.

१८ एप्रिल

भीमानगरला जाऊन धरण पाहून आले.

गेल्या पावसाळ्यात उजनी साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं आणि जानेवारीतच उपयुक्त साठा संपला. आता उणे चालू आहे. या उणे टक्क्यांचा हिशेब लोकांना नीट सांगायला हवा. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी मावतं. त्यातलं ५३.५७ टीएमसी उपयुक्त, बाकी सुमारे ६३.६ टीएमसी मृतसाठा. पातळी मृतसाठ्याखाली गेली की जितकं पाणी आणखी उपसलं ते उपयुक्त साठ्याच्या टक्क्यांत उणे म्हणून लिहितात. उणे ५० म्हणजे मृतसाठ्यातलं सुमारे २७ टीएमसी गेलं. धरण तेव्हाही रिकामं नसतं, पण उरलेलं पाणी कसं असतं हा प्रश्न असतो.

कारण उजनीत येतं ते फक्त पावसाचं पाणी नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे उतरतं. नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर, ऊन भरपूर, पाणी उथळ, मग शेवाळ माजणारच. काठाशी हिरवट तवंग होता आणि हवेत तो ओळखीचा वास. असं पाणी शुद्ध करायला तुरटी जास्त लागते, क्लोरीन जास्त लागतो, आणि तो क्लोरीन शेवाळाच्या सेंद्रिय मळातच खर्च होतो. उन्हाळ्यात घरात रंग लवकर का जातो, याचं एक टोक विडी घरकुलातल्या बॅरलमध्ये आहे आणि दुसरं टोक पुण्याच्या गटारात. म्हणून उन्हाळ्याचे आणि पावसाळ्यानंतरचे नमुने वेगळे काढणं भाग आहे.

पाणी इतकं उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. लोक ते बघायला जातात. धरणग्रस्तांच्या घरातली म्हातारी माणसंही जातात, असं तिथल्या चहावाल्यांनी सांगितलं.

७ मे

मतदान. फील्डवर्क नाही. रांगेत पुढच्या-मागच्या बाया पाण्यावरच बोलत होत्या.

१४ मे

उन्हाने जीव नको केलाय. दुपारी घरकुलात पत्र्याखालच्या बॅरलमधलं पाणी हाताला कोमट लागतं.

आज डासांच्या अळ्या बघितल्या. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात वळवळणाऱ्या. डेंगीचा डास घाण पाण्यात वाढत नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं. सल्ला योग्य आहे. पण कोरडा दिवस पाळायचा म्हणजे बॅरल तळापर्यंत रिकामं करायचं, आणि पाणी उद्या येईल का परवा याची खात्री नसताना कुठलीही बाई शेवटचं हातभर पाणी फेकणार नाही. अक्का म्हणाल्या, "सांगायलेत ते बरोबर आहे गं पोरी. पण फेकू तर कसं?"

यातून एक वाट निघाली. बॅरल पाण्याच्या दिवशीच घासायचं. नळाची पहिली बादली आपण नाहीतरी ओततो, तीच बॅरल धुवायला वापरायची. तळाचं जुनं पाणी आधी घागरीत काढून धुण्याला लावायचं. आणि नुसतं खळखळून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जगतात. काथ्याने ती रेष घासायची. मग तोंडाला सुती कापड, घट्ट बांधलेलं. फळी ठेवली तर फटी राहतात.

अक्कांच्या सुनेने तिथल्या तिथे करून दाखवलं. काथ्या फिरला तसा बॅरलच्या आतून पोपटी साय वेटोळ्याने सुटून आली. तिने बोटावर घेऊन नखाने चिरडली आणि माझ्याकडे बघितलं. क्लोरीन खाणारा थर म्हणून मी जो शब्दांत सांगत होते, तो तिच्या बोटावर होता.

२३ मे

पाण्याची वेळ. हा भाग आधी माझ्या आराखड्यात नव्हता, बायांनीच तो आणला.

विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर. पानं भिजवायची, कापायची, वळायची, मग कारखान्यात नेऊन द्यायची. पाण्याचा दिवस आला की अर्धा दिवस बुडाला. पाणी रात्री दोनला आलं तर झोप बुडाली आणि दुसऱ्या दिवशी हात चालत नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा नवरा तेव्हा घरी नसतो. मुलगी असेल तर तिची शाळा बुडते. एका आईने स्पष्ट सांगितलं, "दहावीचं वर्ष हाय म्हणून हिला उठवत नाही. मीच भरते."

जुळ्या सोलापुरात हा प्रश्नच नाही. हौदाला बॉल व्हॉल्व्ह आहे. पाणी कधी का येईना, हौद भरतो आणि माणसं झोपलेली असतात. रोटेशन दोन्हीकडे सारखंच. ज्याच्याकडे साठवायला जागा आहे त्याच्यासाठी चार दिवसांआडचं पाणी हे रोजचंच पाणी असतं. म्हणून दिवसांचा आकडा एकटा वापरणं बंद करतेय. त्याच्यासोबत वेळ ठरलेली होती का, आणि घरात किती लिटर साठवायची सोय आहे, हे दोन रकाने लागणारच.

३० मे

रंगणीच्या कारखान्यांचा विषय बाजूला ठेवला. चादर-टॉवेलच्या गावात तो टाळता येत नाही हे मान्य, पण एका हंगामात दोन्ही होणार नाही. फक्त एवढं टिपून ठेवते: रिअ‍ॅक्टिव्ह रंगांना मीठ खूप लागतं, आणि विरघळलेलं मीठ जैविक प्रक्रियेने पाण्यातून निघत नाही. अक्कलकोट रोडकडच्या बोअरचे टीडीएस पावसाळ्याआधी आणि नंतर घ्यायचे.

७ जून

काल मान्सून सोलापूरपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. उजनी उणे ६० च्या जवळ जाऊन थांबलंय.

पहिल्या पावसानंतरचं पहिलं पाणी नेहमी वाईट. रस्त्यातले खड्डे भरले, गटारी तुंबल्या, आणि रिकामे पाइप त्याच चिखलातून गेलेले. दोन गल्ल्यांत आज पाणी गढूळ आलं. बायांनी ते वापरायला ठेवलं, प्यायला जुनंच राखलं. जुनं म्हणजे क्लोरीन संपलेलं. दोन्हींतलं कमी वाईट कुठलं, हा निर्णय घरोघर एका वासावर आणि एका नजरेवर होतो. पावसाच्या सुरुवातीला जुलाबाचे रुग्ण का वाढतात ते इथे उभं राहिलं की कळतं.

२४ जून

आकडेमोड चालू. तुलनेसाठी हुबळी-धारवाडचा अभ्यास पुन्हा वाचला. कर्नाटकातलं जोडशहर. तिथे काही वॉर्डांत चोवीस तास पाणी दिलं आणि बाकी शहरात काही दिवसांआड. सलग पुरवठ्याच्या भागात तोटीशी दूषित नमुने बरेच कमी निघाले. पाइपात सतत दाब असला की बाहेरची घाण आत शिरत नाही, एवढं साधं कारण. आपल्याकडे कराडजवळच्या मलकापूरनेही चोवीस तास पाणी देऊन दाखवलंय, मीटर बसवून. गाव लहान होतं, तरी दाखला खरा आहे.

मॅडमचा प्रश्न: समांतर जलवाहिनी पुरी झाली की तुझा विषय संपेल का? मला तसं वाटत नाही. शहरात पाणी जास्त आलं तरी गल्लीतला पाइप, टाक्यांची उंची आणि व्हॉल्व्हचं वेळापत्रक बदललं नाही तर तेच पाणी त्याच अंतराने येईल, फक्त जास्त वेळ. अंतर दोन दिवसांच्या आत आलं तर मात्र क्लोरीन एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत पुरेल. दिवसाआड पाणी ही मागणी आजवर सोयीसाठी केली जाते. माझ्या नोंदींवरून ती आरोग्याची मागणी ठरते, आणि मी ती तशीच लिहिणार आहे.

८ जुलै

घरकुलात बायांची बैठक, अंगणवाडीच्या खोलीत. निकाल आधी त्यांना सांगायचे, मग कागदावर, हे सुरुवातीपासून ठरवलं होतं. ज्यांच्या बॅरलमधून नमुने घेतले त्यांना ते कसे निघाले हे कळायलाच हवं.

घरी क्लोरीन घालण्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा हिशेब मी करून दाखवला. ताज्या पावडरीत तीस ते तेहतीस टक्के क्लोरीन असतो. दोनशे लिटरला लिटरमागे दोन मिलिग्रॅम द्यायचा तर पावडर सव्वा ग्रॅमच्या आसपास लागते. एवढी चिमूट घरात कशाने मोजणार? शिवाय पिशवी उघडी राहिली की तिचा जोर उतरतो. म्हणून घरासाठी थेंबांची बाटलीच बरी, तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि फक्त प्यायच्या कळशीत. घातल्यावर अर्धा तास थांबायचं. अख्ख्या बॅरलला औषध घालायची गरज नाही. प्यायचं पाणी पहिल्या दिवशीच वेगळं काढा, झाका, तोटीच्या भांड्यात ठेवा, आणि तिसऱ्या दिवसापासून थेंब घाला. एवढंच मराठी आणि तेलुगूत एका पानावर छापलंय. तेलुगू मजकूर अक्कांच्या सुनेने तपासून दिला, दोन शब्द बदलायला लावले.

मग एक आजी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हे आमी करू की. पण पानी कवा येनार ते आदल्या दिवशी सांगायला काय जातंय?" सगळ्या एकदम बोलायला लागल्या. वेळ कळली तर विड्या आदल्या रात्री उरकता येतात, बॅरल घासून ठेवता येतं, शेजारणीला चावी देऊन कामाला जाता येतं. आजींचं वाक्य अहवालात शिफारशींच्या आधी, जसंच्या तसं घेणार.

६ ऑगस्ट

उजनी भरलं. दोन महिन्यांपूर्वी उणे साठजवळ होतं, आता भीमेत पाणी सोडावं लागतंय आणि पंढरपूरला नदीकाठाला सावध केलंय. घरकुलातलं रोटेशन मात्र अजून तेच आहे.

पावसाळ्यानंतरची फेरी सप्टेंबरच्या अखेरीस सुरू करायची. तीच घरं, तीच बॅरलं, शक्यतो भरल्याला तितकेच तास झालेले असताना. या वेळी दोन गोष्टी वाढवतेय: पत्र्याखाली आणि सावलीत ठेवलेल्या बॅरलचं तापमान दिवसभर नोंदणारी उपकरणं, आणि बायांनी स्वतः भरायची एक वही. तिच्यात पाणी किती वाजता आलं, किती वेळ राहिलं, पहिल्या किती बादल्या ओतल्या, कोण जागं होतं. अक्कांच्या गल्लीत ही वही सुनेकडे राहील. तिने रकाने आधीच आखून ठेवलेत आणि शेवटी स्वतःचा एक जोडलाय: त्या दिवशी विड्या किती कमी झाल्या.